परक्या शेताचे कुंपण

शिवरामपल्लीच्या पोलीस अकादमीतील दीक्षांत संचलनाचे छायाचित्र वर्तमानपत्रात आले की आमच्या घरी तो अंक दोन-तीन दिवस तरी रद्दीत जात नाही. अकादमीत आमचे कोणी नातलग आहे असे नव्हे. परंतु १९४८ साली अबूच्या पहाडावर सुरू झालेली ही संस्था १९७५ साली आमच्या हैदराबादेस राहावयास आली, आणि पाहुणा वर्षानुवर्षे राहिला म्हणजे तो घरचाच होतो, त्यातलाच हा प्रकार. मागे असेच एक छायाचित्र आमच्या धाकट्या नातीच्या हाती पडले. खाली मजकूर होता की आपल्या भारतीय पोलीस सेवेच्या अधिकाऱ्यांबरोबर नेपाळ, भूतान, मालदीव व मॉरिशस येथील अधिकारीही या तुकडीत शिकून बाहेर पडले. मॉरिशसचे नाव ऐकताच आमच्या सौभाग्यवतींनी चष्मा शोधला. तेथे आपली मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत, तेव्हा त्या अधिकाऱ्यांत एखादे ओळखीचे आडनाव निघते काय, ही त्यांची नेहमीची उत्सुकता. नातीचा प्रश्न निराळाच होता. "आजोबा, त्यांच्या देशात पोलिसांना शिकवणारे कोणी नाही का?"

आम्ही आमच्या परीने उत्तर दिले. शेजारधर्म म्हणून काही असते. १९६४ पासून आपले सरकार मित्रराष्ट्रांतील माणसांना नाना प्रकारची तांत्रिक शिक्षणे देत आले आहे, त्यातलेच हे एक. लहान देशाला प्रत्येक विद्येचे स्वतंत्र विद्यालय काढणे परवडत नाही. ग्वाल्हेरच्या आमच्या वाचकांना टेकनपूरची सीमा सुरक्षा दलाची अकादमी आणि तेथला अश्रुधुराचा कारखाना ठाऊकच आहे; दंगल पांगविण्याचे शास्त्र आणि साहित्य दोन्ही आता आपल्याकडे आहे. हे सांगताना आमच्या आवाजात थोडा अभिमान आला असावा. कारण त्याच वेळी चहाला आलेले आमचे एक स्नेही गालातल्या गालात हसले.

हे गृहस्थ पोलीसखात्यातले. उमेदीची बरीच वर्षे त्यांनी एका प्रशिक्षणकेंद्रात गुन्ह्याच्या तपासाचा विषय शिकविला. त्यांच्या वर्गात परदेशी विद्यार्थीही असत. त्यांना आम्ही येथे मास्तर म्हणू. मास्तर म्हणाले, "तिला ती म्हण सांगा, कुंपणच शेत खाते ती. आणि मग सांगा की आम्ही परक्याच्या शेताला कुंपण घालून देत होतो. अभिमान बाळगा, पण त्याआधी अमेरिकेची हकिकत एकदा वाचा."

वाचली. गेले दोन महिने तेच वाचन चालले आहे, आणि या वेळचे आमचे हे पान त्याच हकिकतीसाठी आहे.

एका देशाच्या सरकारने दुसऱ्या देशाचे पोलीस घडवावेत ही कल्पना काही अमेरिकेने काढलेली नाही. आपण स्वतःच तिची फळे चाखली आहेत. १८४३ साली सिंध प्रांत जिंकल्यावर चार्ल्स नेपियरने तेथे जे पोलीसदल उभारले त्याचा नमुना लंडनचा नव्हता, आयर्लंडचा होता. लंडनचा शिपाई निःशस्त्र, वस्तीत वावरणारा. आयर्लंडचा शिपाई बंदूकधारी, बराकीत राहणारा आणि गावाकडे पाठ फिरवून डब्लिनच्या किल्ल्याकडे तोंड करून उभा राहणारा. सिंधचा तो साचा पुढे इतर प्रांतांत गेला आणि १८६१ च्या पोलीस कायद्यात कायमचा झाला. स्वतःच्या घरी एक पद्धत आणि परक्यासाठी दुसरी, ही गोष्ट ध्यानात ठेवून पुढे वाचावे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेने जपानसारख्या जिंकलेल्या देशांत पोलीसखाती नव्याने बसविली. पुढे शीतयुद्ध पेटले आणि ही मदत आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका येथील नव्या-जुन्या मित्रांकडे वळली. विचार असा होता की बंडखोरी मोठी झाल्यावर सैन्य पाठविण्यापेक्षा ती लहान असतानाच गावच्या पोलिसाने ओळखावी. ते स्वस्तही पडते आणि गाजावाजाही होत नाही. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना हा विचार फार पटला. १९६२ साली परदेशी मदतीच्या खात्यातच 'ऑफिस ऑफ पब्लिक सेफ्टी' अशी स्वतंत्र कचेरी निघाली. तिचे प्रमुख बायरन एंगल हे मूळचे कॅन्सस सिटीच्या पोलीसदलातले. जपानच्या पोलिसांच्या फेररचनेत त्यांचा हात होता आणि मधली काही वर्षे त्यांनी अमेरिकी गुप्तहेरखात्यातही काढली होती. शेती सुधारणे, विहिरी खणणे, हिवताप हटविणे ही ज्या खात्याची कामे, त्याच खात्याच्या छत्राखाली बिनतारी संच, जीपगाड्या, लाठ्या व अश्रुधुराची नळकांडी जाऊ लागली. १९६८ साली चौतीस देशांतील पोलिसांवर अमेरिका वर्षाला सहा कोटी डॉलर खर्च करीत होती.

निवडक अधिकाऱ्यांना वॉशिंग्टनला नेत. तेथे जॉर्जटाउन भागात ट्रामगाड्यांचे एक जुने कोठार होते. त्या इमारतीत 'इंटरनॅशनल पोलीस अकादमी' भरे. एका दालनात काल्पनिक शहराचा भला मोठा नकाशा मांडलेला असे. त्यावर दिवे लागत, संदेश येत, मोर्चा या चौकातून त्या चौकात सरके आणि विद्यार्थ्यांनी आपापली पथके हलवून तो आवरावयाचा. वर्गात कायदा होता, बोटांचे ठसे होते, वाहतुकीचे नियम होते, चौकशीची तंत्रे होती. मास्तर म्हणाले की यादी म्हणून पाहिली तर तिच्यात नाव ठेवण्याजोगे फारसे काही नाही, त्यांच्या स्वतःच्या वर्गाची यादीही साधारण अशीच होती. टेक्सासमध्ये लॉस फ्रेस्नोस या गावी मात्र आणखी एक वर्ग चाले, आणि तेथे परदेशी पोलिसांना घरगुती बाँबची माहिती देत. बाँब निकामी करावयाचा तर तो कसा बनतो हे कळले पाहिजे, असे त्याचे समर्थन होते. समर्थन खोटे म्हणता येत नाही. पण कोणत्या राज्याचा पोलीस ते शिकून जातो, हे त्या वर्गात कोणी विचारीत नसे.

आता डॅन मित्रिओने यांची कथा. हे नाव आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही. दक्षिण अमेरिकेत अजून घेतले जाते.

मित्रिओने १९२० साली इटलीत जन्मले आणि लहानपणीच आईबापांबरोबर अमेरिकेत आले. इंडियाना राज्यातील रिचमंड या गावात ते पोलीस शिपाई झाले, पुढे तेथलेच पोलीसप्रमुख झाले. नऊ मुलांचा संसार. १९६० साली त्यांनी सरकारची परदेशातील नोकरी पत्करली आणि ब्राझीलला गेले. ते तेथे असतानाच, १९६४ साली, ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता घेतली. सल्लागाराचे काम चालूच राहिले. मग काही काळ वॉशिंग्टनच्या अकादमीत शिक्षक, आणि १९६९ च्या जुलैत उरुग्वे देशाची राजधानी माँटेव्हिडिओ येथे तेथील पोलिसांचे सल्लागार.

उरुग्वे हा तीस लाखांहून कमी वस्तीचा चिमुकला देश. निवडणुका, शाळा, निवृत्तिवेतने यांबद्दल त्याचा इतका लौकिक की त्याला दक्षिण अमेरिकेचे स्वित्झर्लंड म्हणत. परंतु लोकरीचे व मांसाचे भाव पडले, महागाई भडकली, संप वाढले, आणि 'तुपामारो' नावाची एक सशस्त्र संघटना शहरातच उभी राहिली. राष्ट्राध्यक्ष पाचेको आरेको यांनी आणीबाणीचे अधिकार घेतले. १९७० च्या जूनमध्ये उरुग्वेच्याच सिनेटच्या चौकशी समितीने एकमताने सांगितले की राजधानीच्या पोलिसांकडून कैद्यांचा छळ होतो आणि ती अधूनमधून घडणारी चूक नसून नित्याची रीत झाली आहे. हे शत्रूने म्हटलेले नव्हे, त्याच देशाच्या संसदेने म्हटलेले. अमेरिकेची मदत थांबली नाही.

३१ जुलै १९७० च्या सकाळी तुपामारोंनी मित्रिओने यांना पळविले. झटापटीत त्यांना गोळीही लागली. पळविणाऱ्यांनी त्या जखमेवर उपचार केले. त्याच दिवशी ब्राझीलच्या वकिलातीतील एक अधिकारीही उचलला गेला. बदल्यात मागणी होती सुमारे दीडशे राजकीय कैद्यांच्या सुटकेची. राष्ट्राध्यक्ष आरेको यांनी साफ नकार दिला. १० ऑगस्टला पहाटे राजधानीच्या एका रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटारीत मित्रिओने यांचे प्रेत सापडले. अंत्यविधीसाठी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स रिचमंडला गेले. पुढे फ्रँक सिनात्रा आणि जेरी लुईस या कलावंतांनी त्या गावी कार्यक्रम करून कुटुंबासाठी निधी जमविला. अमेरिकेच्या दृष्टीने एक सज्जन, कष्टाळू पोलीस अधिकारी परोपकाराच्या कामात बळी पडला होता.

तिकडे चित्र दुसरे होते. तुपामारोंच्या मते हा माणूस छळाच्या विद्येचा शिक्षक. १९७८ साली क्युबाच्या एका गृहस्थाचे पुस्तक निघाले. माँटेव्हिडिओत अमेरिकी गुप्तहेरखात्याचे काम आपण केले होते असे ते सांगत. मित्रिओने यांनी छळाचे धडे प्रात्यक्षिकांसह दिले असा त्यांनी त्या पुस्तकात आरोप केला. अमेरिकी सरकारने तो कधी मान्य केला नाही. आम्हांस विचाराल तर एका मृत माणसाविरुद्ध एका माणसाची साक्ष, एवढ्यावर आम्ही निकाल देणार नाही. आणि पळवून आणलेल्या, जखमी, निःशस्त्र माणसाला ठार मारणे यास कोणत्याही कारणाने आम्ही न्याय म्हणणार नाही. पण तो आरोप क्षणभर बाजूस ठेवला तरी एक प्रश्न उरतोच. ज्या पोलीसदलाबद्दल त्याच्याच संसदेने असा निर्वाळा दिला, त्या दलाच्या कचेरीत रोज जाऊन बसणारा परका सल्लागार काय पाहत होता? आणि पाहत असेल तर कोणाला कळवीत होता? त्याचा पगार वॉशिंग्टनहून येई, अहवाल वॉशिंग्टनला जाई. माँटेव्हिडिओच्या कोठडीतल्या माणसाला त्याच्याविरुद्ध दाद मागण्यास जागाच नव्हती.

या प्रकरणाची शेपूट लांबली. चाळीस वर्षांनी, २०१० साली, जुनी सरकारी कागदपत्रे उघड झाली तेव्हा कळले की मित्रिओने यांना वाचविण्यासाठी अमेरिकेने उरुग्वे सरकारला सुचविले होते की, त्यांना मारल्यास तुमच्या कैद्यांना ठार करू, अशी धमकी द्यावी. कायद्याचे राज्य शिकविण्यास गेलेल्या सरकारचा हा सल्ला! आणि त्याच २०१० साली उरुग्वेचे राष्ट्राध्यक्ष झाले होझे मुहिका, एकेकाळचे तुपामारो, ज्यांनी बाराहून अधिक वर्षे तुरुंगात काढली होती. मधल्या काळात, १९७३ च्या जूनमध्ये, त्या स्वित्झर्लंडातली लोकशाही बुडाली आणि १९८५ पर्यंत लष्करी राजवट चालली. अमेरिकेच्या पैशाने सज्ज झालेले पोलीस त्या राजवटीच्याच कामी आले.

याच कथेवर कोस्ता-गाव्रास या दिग्दर्शकाने 'स्टेट ऑफ सीज' हा चित्रपट काढला. त्यात ईव्ह मोंताँ यांनी पळविलेल्या सल्लागाराची भूमिका केली. १९७३ साली वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये तो दाखविण्याचे ठरले होते, ते आयत्या वेळी रद्द झाले. रद्द झाल्यामुळेच तो अधिक लोकांनी पाहिला असावा, असा आमचा तर्क आहे.

उरुग्वेच्या त्याच जुलैत व्हिएतनाममध्येही एक दार उघडले. कॉन सोन बेटावर दक्षिण व्हिएतनामचा मोठा तुरुंग होता. तुरुंगसुधारणेचे अमेरिकी सल्लागार होते फ्रँक वॉल्टन, पूर्वी लॉस एंजेलिसच्या पोलिसांत असलेले. बेटावर जाणाऱ्या दोन संसदसदस्यांना त्यांनी सांगितले की हे ठिकाण बालवीरांच्या शिबिरासारखे आहे. सदस्यांबरोबर टॉम हार्किन नावाचा तरुण साहाय्यक होता आणि डॉन ल्यूस नावाचा, व्हिएतनामी भाषा उत्तम जाणणारा अमेरिकन होता. सुटून आलेल्या एका कैद्याने काढून दिलेला नकाशा त्यांच्यापाशी होता. नकाशाप्रमाणे ते एका भिंतीतल्या लहानशा दारापाशी गेले. बोलणे ऐकून आतल्या पहारेकऱ्याने दार उघडले, आणि आत दिसले ते दगडी खड्डे. वर लोखंडी गज, खाली बेड्या घातलेली माणसे, वरून टाकण्यासाठी ठेवलेली चुन्याची पूड. हार्किन यांनी छायाचित्रे काढली आणि 'लाइफ' साप्ताहिकाने ती छापली. वाघाचे पिंजरे हे नाव जगभर झाले. हे पिंजरे अमेरिकेने बांधलेले नव्हते, फ्रेंचांच्या काळचे होते; पण सल्लागाराने ते इतकी वर्षे पाहिले नव्हते, किंवा पाहून सांगितले नव्हते. दोहोंपैकी कोणतेही खरे धरले तरी सल्लागाराची अब्रू राहत नाही.

मग अमेरिकेच्या संसदेत प्रश्न उठू लागले. साउथ डकोटाचे सिनेटर जेम्स अबुरेस्क यांनी हा विषय हाती धरला. टेक्सासच्या बाँबवर्गाची माहितीही चव्हाट्यावर आणली. १९७४ साली जॅक अँडरसन या पत्रकाराने वॉशिंग्टनच्या अकादमीतील विद्यार्थ्यांच्या निबंधांतले उतारे छापले, त्यांत चौकशीच्या वेळी बळजबरी करण्याचे समर्थन होते. अकादमीचे म्हणणे, आम्ही असे शिकविलेले नाही, हे विद्यार्थी आपल्याबरोबर घेऊन आले. मास्तरांना हा भाग वाचून दाखविला तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "दोन्ही खरे असू शकते. वर्गात मी ठसे घेण्याची रीत शिकवतो. समोरचा मनात म्हणतो, एवढ्या खटाटोपापेक्षा आमचा जुना उपाय बरा. तो परत जातो तेव्हा त्याच्याजवळ प्रमाणपत्र माझे असते आणि उपाय त्याचा."

१९७४ च्या डिसेंबरात परदेशी साहाय्याच्या कायद्यात कलम ६६० घातले गेले. परदेशी पोलीस, तुरुंग व अंतर्गत गुप्तवार्ता यांसाठी मदतीचा पैसा वापरावयाचा नाही, अशी ती बंदी. कचेरी मिटली, १९७५ साली ट्रामच्या कोठारातली अकादमीही बंद झाली. एखाद्या बलाढ्य सरकारच्या हातातले हत्यार त्याच्याच संसदेने काढून घ्यावे, असे प्रसंग इतिहासात फार नाहीत.

दार बंद झाले, खिडक्या राहिल्या. अमली पदार्थांविरुद्धची मदत बंदीत नव्हती. तिच्या वाटेने पुष्कळ जुने सल्लागार नव्या पाटीखाली कामाला लागले. १९८३ साली दहशतवादविरोधी शिक्षणाचा मार्ग मोकळा झाला. १९८५ साली लोकशाहीची जुनी परंपरा असलेल्या व सैन्य नसलेल्या देशांना सवलत मिळाली. हे वर्णन कोस्टारिकाच्या अंगाबरहुकूम शिवलेले होते. १९८६ साली न्यायखात्यात नवी प्रशिक्षण-कचेरी निघाली, आणि एकेका अपवादाने ते कलम जाळीसारखे झाले. याबद्दल अमेरिकेला दोष देणे सोपे आहे. पण शेजारच्या देशात कायदा कोलमडला, माणसे मरू लागली, की पोलीस घडविण्यास मदत करू नका असे म्हणत बसणे हाही शहाणपणा नव्हे, हे तेथल्या काही प्रामाणिक लोकांनाही उमगले होते.

एल साल्वाडोर हे त्याचे उदाहरण. बारा वर्षांच्या यादवीनंतर १९९२ च्या जानेवारीत तेथे तह झाला. जुनी पोलीसदले मोडून एकच नागरी पोलीसदल उभारावयाचे ठरले, आणि त्यात वीस टक्के माणसे पूर्वीच्या बंडखोरांतली, वीस टक्के जुन्या पोलिसांतली व बाकीची दोहोंत नसलेली असावीत, असा बेत झाला. अमेरिका, स्पेन, संयुक्त राष्ट्रसंघ सर्वांनी शिकविण्यास हात लावला. या दलाची सुरुवात आधीच्यांपेक्षा पुष्कळ बरी झाली. आमच्या मते याचे श्रेय शिक्षकांना थोडे आणि तहाला अधिक. पोलीस कोणाचे, हे शेताच्या मालकांनी आधी आपसांत बसून ठरविले होते. अर्थात ठरविलेलेही कायम टिकते असे नाही. २०२२ च्या मार्चमध्ये तेथे आणीबाणी पुकारून टोळीबाज म्हणून हजारो-हजारोंना तुरुंगात घातले गेले, आणि त्या धरपकडीत निरपराधही सापडले. रस्ते निर्धास्त झाले म्हणून तेथील पुष्कळ लोक त्यावर खूषही आहेत. हे गणित आम्हांस येथे बसून सुटत नाही.

अफगाणिस्तानची गोष्ट मात्र थोडक्यात उरकण्यासारखी नाही, कारण ती आपण सर्वांनी दूरदर्शनवर पाहिली. २००२ साली तेथील पोलीस घडविण्याचे काम प्रथम जर्मनीने अंगावर घेतले. काबूलची पोलीस अकादमी पुन्हा उघडली. अधिकाऱ्याला तीन वर्षांचा अभ्यासक्रम, हवालदाराला एक वर्षाचा. अमेरिकेला हे फार धिमे वाटले. तिने एका खासगी कंपनीला कंत्राट दिले आणि आठ आठवड्यांत शिपाई तयार होऊ लागला. ज्यांना वाचता येत नसे त्यांचा अभ्यासक्रम त्याहूनही आखूड. उलट असावयास हवे होते, हे आमच्या घरची नातही सांगेल. २००५ मध्ये काम अमेरिकी लष्कराकडे गेले. अमेरिकेच्याच सरकारी तपासनिसांनी २०१७ साली नमूद केले आहे की, अफगाण पोलिसांना शिकविण्यासाठी नेमलेला एक लष्करी अधिकारी काय शिकवावे हे समजण्यासाठी दूरचित्रवाणीवरच्या पोलिसांच्या मालिका पाहत असे, आणि दुसरीकडे हेलिकॉप्टरचा वैमानिक पोलिसी शिकवीत होता. हसू येते, पण त्या शिपायांना नाक्यांवर उभे करून तालिबानशी लढविले आणि ते सैनिकांहूनही अधिक संख्येने मेले, हे वाचल्यावर ते हसू राहत नाही. आम्हां हैदराबादकरांच्या बोलण्यात १९४८ चा सप्टेंबर अजून 'पोलीस ॲक्शन' या नावाने येतो. काम सैन्याने केले आणि नाव पोलिसांचे झाले. तेथे नाव पोलिसांचेच होते, काम मात्र सैन्याचे करवून घेतले. १५ ऑगस्ट २०२१ रोजी, आपण इकडे झेंडावंदन करून घरी येत होतो त्या दिवशी, काबूल पडले.

पैसा, वर्ग, सामान, सल्लागार, सारे जहाजात घालून नेता येते. लाचखाऊ ठाणेदाराला घरी बसविणारा वरिष्ठ, कोठडीतल्या माणसाची तक्रार ऐकणारा न्यायाधीश आणि ती छापणारा संपादक, यांना नेता येत नाही. उरुग्वेत हे तिघेही होते आणि मदतीच्या काळातच ते एकेक करून गप्प केले गेले. अफगाणिस्तानात ते पुरते उगवलेच नव्हते.

म्हणून पॅट्रिक लेही या सिनेटरांच्या नावाने ओळखला जाणारा, १९९७ पासूनचा नियम आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. ज्या परदेशी पथकाविरुद्ध मानवी हक्कांच्या घोर उल्लंघनाची विश्वसनीय माहिती असेल, त्याला अमेरिकेची मदत द्यावयाची नाही. विद्यार्थी वर्गात घेण्याआधी त्याचे नाव व पथक तपासावयाचे. नियम पुष्कळदा वाकविला जातो, बड्या मित्रांच्या बाबतीत डोळेझाक होते, हे तिकडचेच लोक लिहितात. तरी विद्यार्थ्याची पूर्वपीठिका विचारावी, एवढे तरी कायद्याने मान्य केले.

आता आपल्याकडे. भूतान वा मॉरिशसचा तरुण अधिकारी आपल्या अधिकाऱ्यांच्या शेजारी बसून शिकतो, एकाच मैदानावर घाम गाळतो, एकाच भोजनगृहात जेवतो; परक्याच्या राजधानीत जाऊन सल्लागार बसविण्यापेक्षा हा मार्ग आम्हांस शतपटीने बरा वाटतो. आपण जे स्वतःच्या मुलांना शिकवितो तेच पाहुण्याला शिकवितो, आयर्लंड-लंडनसारखे दोन साचे ठेवीत नाही. पण त्यातून आपली जबाबदारी वाढते. आपल्याच ठाण्यांतील कोठडीमृत्यूंच्या बातम्या आपण महिन्या-दोन महिन्यांनी वाचतो. पाहुणा वर्ग पाहतो तसा ठाणेही पाहतो, आणि तो काय घेऊन जाईल हे वेळापत्रकावर लिहिलेले नसते. आपल्या संसदेत या विषयावर कोणी खासदाराने खोदून प्रश्न विचारावेत, कोणत्या देशाच्या कोणत्या दलाला आपण काय शिकविले याचा हिशेब दरसाल मांडला जावा, असे आम्हांस वाटते. त्यात मैत्रीला बाधा येण्याचे कारण नाही. मुलगी देताना घर पाहतात, त्याने सोयरीक मोडत नाही.

हे सगळे लिहून झाल्यावर आम्ही मास्तरांकडे गेलो. त्यांनी कपाटातून जुना आल्बम काढला. प्रत्येक तुकडीचा एक फोटो, मागे पेन्सिलीने नावे. एका परदेशी विद्यार्थ्यावर त्यांनी बोट ठेवले. हुशार, लाजरा, वरणभात आवडीने खाणारा मुलगा. परत गेल्यावर दरवर्षी नववर्षाचे भेटकार्ड पाठवी, त्यावर बढतीची बातमीही असे. एक वर्षी त्याच्या देशात मोठी गडबड झाली, गोळीबाराच्या बातम्या आल्या. त्या वर्षापासून कार्ड आले नाही.

"मेला असेल का?" आमच्या नातीने विचारले. ती आमच्याबरोबर आली होती.

"तो गोळीबारात होता की गोळीबारासमोर, तेच मला कधी कळले नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी तिला त्या फोटोतले स्वतःचे जुने, काळ्याभोर मिशांचे रूप दाखविले.